जबड्याचं ऑपरेशन आणि कानापुढचा सांधा : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात जबड्याच्या शस्त्रक्रिया करते, म्हणजे पुढे, मागे किंवा वाकडा असलेला जबडा कापून योग्य जागी बसवते. माझ्याकडे खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडची माणसं येतात, पलीकडून चंदगड-गडहिंग्लजचीही येतात. ऑपरेशननंतरचे पहिले तीन महिने रुग्ण आणि घरचे सगळं काटेकोर पाळतात. मग सूज उतरते, चेहरा छान दिसायला लागतो आणि तपासणीला येणं थांबतं. कानापुढच्या सांध्यात जे काही व्हायचं असतं, ते बहुतेक वेळा त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत होतं. म्हणून ओपीडीत पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न त्यांच्याच शब्दांत इथे घेतले आहेत.

हा सांधा नेमका असतो तरी कुठं?

दोन्ही हातांची पहिली बोटं कानाच्या भोकापुढे ठेवा आणि सावकाश तोंड उघडा, मिटा. बोटाखाली जे सरकतं, ते खालच्या जबड्याचं वरचं गोलसर टोक. त्याला आम्ही कंडाइल म्हणतो. कवटीच्या हाडात एक खळगा असतो, त्यात हे टोक बसतं आणि दोघांच्या मध्ये एक चिवट चकती असते. तोंड थोडं उघडताना टोक जागच्या जागी फिरतं, मोठं उघडताना चकतीसकट पुढे घसरतं. फिरणं आणि घसरणं अशी दोन्ही कामं हा एकच सांधा करतो. शिवाय डावा-उजवा असे दोन सांधे एकाच हाडाला जोडलेले आहेत, त्यामुळे एक आजारी पडला तर दुसऱ्याला त्याचं ओझं वाहावं लागतं.

या टोकावरची कुर्चा, म्हणजे हाडावरचं लवचिक आवरण, तंतुमय असते. तिच्यावर पडणारा भार बदलला की ती आणि तिच्याखालचं हाड हळूहळू आपला आकार बदलतात. मोठ्या वयातही हा गुण टिकून असतो. ऑपरेशननंतर जबडा नव्या जागी रुळतो तो याच गुणामुळे, आणि थोड्या जणांत हाच गुण अंगाशी येतो.

ऑपरेशन जबड्याचं आहे ना, मग सांध्याला का हात लागतो?

सांधा आम्ही उघडत नाही, पण त्याची जागा ऑपरेशनमध्येच ठरते.

खालचा जबडा पुढे किंवा मागे नेण्यासाठी जगभर जी पद्धत वापरतात, ती ट्राउनर आणि ओबवेगेसर या दोन शल्यचिकित्सकांनी १९५७ साली मांडली. १९६१ मध्ये दाल पोंट यांनी तिच्यात सुधारणा केली. दाढांच्या मागे जबड्याची जी उभी बाजू असते, ती पुस्तकाची पानं सुटी करावी तशी आतल्या आणि बाहेरच्या थरात उभी सोलवटायची. दातांचा भाग आतल्या थराबरोबर सरकतो. सांध्याचं टोक बाहेरच्या तुकड्यावर असतं आणि त्या घडीला तो तुकडा मोकळा असतो.

इथं खरी कसोटी लागते. दात आधी स्प्लिंटमध्ये, म्हणजे दातांच्या खाचा असलेल्या पट्टीत, बसवून तारेनं बांधलेले असतात. मी त्या मोकळ्या तुकड्याला अवजारानं हलकेच धरते, जबड्याच्या कोपऱ्यावर खालून बोट लावते आणि टोक खळग्यात नीट बसलं असं हाताला जाणवलं की टायटॅनियमची प्लेट चार स्क्रूंनी बसवते. दोन्ही बाजू झाल्या की दातांची तार सोडते, हनुवटीला दोन बोटं लावते आणि अजिबात जोर न देता जबडा मिटवून बघते. दात आपोआप स्प्लिंटच्या खाचांत पडले पाहिजेत. केसभर जरी बाजूला पडले, तरी प्लेट काढून पुन्हा बसवायची. त्यात अर्धा तास जास्त गेला तरी चालतो.

कारण भुलीत स्नायू ढिले असतात. अशा वेळी टोक खळग्यातून थोडं खाली लोंबकळत राहिलं आणि तसंच स्क्रूनं पक्कं झालं, तर रुग्ण शुद्धीवर आल्यावर स्नायू ते टोक वर खेचतात आणि अख्खा जबडा मागे सरकतो. ही चूक पहिल्या काही दिवसांत दिसते. ती सांध्याची झीज नव्हे, जागा चुकलेली असते, आणि लवकर परत जाऊन दुरुस्त करणं हाच त्यावरचा सरळ उपाय. स्क्रू फार आवळले तर टोक आपल्या अक्षावर फिरतं, ताणलं जातं. तो ताण पुढे वर्षभर सांध्याला सोसावा लागतो.

पहिल्या आठवड्यात एका बाजूच्या दाढा टेकत नाहीत. काही चुकलं का?

बहुतेक वेळा नाही. सांध्यात सूज किंवा थोडं रक्त साचलं की टोक तात्पुरतं खाली ढकललं जातं आणि त्या बाजूला फट दिसते. सूज उतरते तशी फट भरते. दोन आठवड्यांनीही तशीच राहिली किंवा समोरचे दात उघडे पडायला लागले, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

एक्स-रेत टोकाचा आकार बदललाय असं लिहिलंय. आम्ही घाबरलोय.

इथं दोन गोष्टींची गल्लत होते आणि ती मला रोज सोडवावी लागते.

एक असतं रुळणं. नव्या भाराशी जुळवून घेताना टोकाचा पृष्ठभाग एका जागी थोडा सपाट होतो, दुसरीकडे थोडं नवं हाड चढतं. पहिल्या वर्षात थ्रीडी स्कॅनवर असे बारीक बदल पुष्कळ जणांत दिसतात. टोकाची कड अखंड आणि गुळगुळीत राहते, उंची टिकते, दात जुळलेले राहतात. यात औषधाची गरज नसते.

दुसरं असतं झिजणं. त्यात टोकाची उंचीच कमी होत जाते, कड खरबरीत दिसते, टोक बारीक आणि बोथट होतं. उंची गेली की जबडा मागे-खाली झुकतो, दाढा आधी टेकतात आणि समोरचे दात एकमेकांपासून दूर राहतात. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या काळात हे बहुधा उघडकीला येतं. पुष्कळदा ते दुखतच नाही, आणि याचीच मला सगळ्यात काळजी वाटते. दुखत नाही म्हणजे ठीक आहे, असं समजून माणसं घरी बसतात.

एका एक्स-रेवरून या दोन्हींत फरक करता येत नाही. आधीच्या एक्स-रेशेजारी नवा ठेवून बघावा लागतो. जुना फोटो नसेल तर तिथंच घोडं अडतं.

झीज होतेय हे घरी कसं कळणार?

वडगाव-शहापूर भागात घरोघरी यंत्रमाग आहेत. तिथली एक मुलगी माझ्याकडे होती. खालचा जबडा बराच मागे होता, तो आम्ही पुढे आणला. सात महिन्यांपर्यंत ती येत होती, नंतर थांबली. दीड वर्षानं आली ती दुसऱ्याच कामासाठी, भावाच्या दाताला. उठता उठता सहज म्हणाली, "मॅडम, पयलं मी दोरा दातानं तोडत होते बगा, आता तुटंना झालाय. कात्री घ्यावी लागतीया."

मी तिला परत खुर्चीत बसवलं. समोरच्या दातांमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट होती. दुखणं काही नव्हतं. स्कॅन केला तर दोन्ही टोकं आधीच्या मानानं आखूड झाली होती. तिची ऑपरेशनआधीची फाइल मी त्या रात्री पुन्हा काढून बघितली. टोकं मुळातच बारीक आणि मागे कललेली होती आणि एका बाजूला सकाळी जबडा आखडतो असं तिनं सांगितल्याचं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी एमआरआय करायला हवा होता, तो केला नव्हता. तेव्हापासून असं एक वाक्य जरी रुग्णाच्या तोंडून आलं, तरी सांध्याची पूर्ण तपासणी झाल्याशिवाय मी ऑपरेशनची तारीख देत नाही.

म्हणून घरी बघायच्या गोष्टी तिच्याकडूनच शिकले. ऑपरेशन होऊन चार महिने झाले, दात नीट जुळले की एकदा समोरच्या दातांत दोरा धरून बघा, तुटतो का. कोथिंबिरीची काडी, शेवयांचं टोक समोरच्या दातांनी तुटतं का. ज्याला पहिल्यापासून तुटत नव्हतं त्याची गोष्ट वेगळी. पण काल तुटत होतं आणि आज तुटत नाही, हा बदल महत्त्वाचा. तुलना शेजारणीशी करू नका, स्वतःच्याच मागच्या महिन्याशी करा. दर महिन्याच्या एकाच तारखेला, एकाच भिंतीपाशी उभं राहून बाजूनं फोटो काढा आणि दात मिटून समोरून एक. हनुवटी मागे चाललीय का, ते आरशापेक्षा फोटोत आधी कळतं.

हा धोका कोणाला जास्त?

मुली आणि तरुण स्त्रियांना. पंधरा ते पस्तीस या वयोगटात पुरुषांच्या कितीतरी पट जास्त स्त्रियांत हे दिसतं. त्यातही ज्यांचा चेहरा लांबट, खालचा जबडा मागे आणि उतरता असतो, सांध्याचं टोक बारीक असतं, आधीपासून चकती सरकलेली असते, त्यांना. जबडा एकदम खूप पुढे आणला, म्हणजे एक सेंटिमीटरच्या आसपास किंवा जास्त, किंवा पुढे आणताना हनुवटी वर फिरवली, तर सांध्यावरचा भार आणखी वाढतो. हनुवटीखालचे स्नायू ताणले जातात आणि जबड्याला सतत मागे ओढत राहतात. तो सगळा दाब जाऊन बसतो त्या दोन छोट्या टोकांवर.

संधिवाताचा विचारही करायला हवा. लहानपणीचा संधिवात जबड्याच्या सांध्यात गुपचूप बसलेला असू शकतो आणि मागे राहिलेली हनुवटी हीच त्याची पहिली खूण असू शकते. सकाळी बोटं आखडतात, गुडघे सुजतात, घरात कोणाला संधिवात आहे, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. आमच्याकडे आई पुष्कळदा "थंडीनं होतंय तिला" म्हणून विषय मिटवते. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यातल्या गारठ्यात ते पटतंही. तरी रक्ताची तपासणी करून घ्या.

माझ्या भावाचा खालचा जबडा मागे घेतला, तो परत पुढे येईल का? कुठलं ऑपरेशन जास्त टिकतं?

सगळी ऑपरेशनं सारखी टिकत नाहीत, आणि हे आधी सांगितलं गेलं पाहिजे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात विल्यम प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी लावून एक उतरंड मांडली, १९९६ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये. जगभरचे सर्जन आजही ती डोळ्यांपुढे ठेवतात.

वरचा जबडा वर उचलणं सगळ्यात टिकाऊ. ज्यांना हसताना हिरड्या फार दिसतात त्यांचं हे ऑपरेशन. चेहऱ्याची उंची कमी किंवा साधारण असेल तर खालचा जबडा पुढे आणणंही तितकंच भरवशाचं. त्याच्याखाली वरचा जबडा पुढे आणणं. खालचा जबडा पुढे असलेल्यांत वरचा पुढे आणि खालचा मागे असं दोन्ही केलं आणि प्लेट-स्क्रूनं नीट बसवलं, तर निकाल चांगला राहतो. नुसता खालचा जबडा मागे नेणं मात्र अवघड जागा. ऑपरेशनच्या वेळी सांध्याकडचा तुकडा नकळत मागे ढकलला जातो आणि स्नायू जागे झाले की तो मूळ जागी येतो, त्याच्याबरोबर हनुवटीही पुढे येते. वरचा जबडा खाली आणला तर चावण्याचा जोरच त्याला परत वर ढकलतो. सगळ्यात तळाला आहे वरचा जबडा रुंद करणं, कारण टाळूची ताणलेली कातडी त्याला आत ओढते.

तुमच्या भावाचं नुसतं मागे घेतलं असेल तर रबर बँड आणि दात सरळ करायच्या तारा यांच्याबाबत त्याला जराही सवलत देऊ नका. दोन मिलिमीटरच्या आतला फरक धरायचा नाही, तो मोजमापातही येतो-जातो. दोन ते चार मिलिमीटर असेल तर तारांनी दात जुळवून घेता येतात. चारच्या वर गेला तर बसून बोलावं लागतं.

कानाजवळ कट्ट वाजतंय. सांधा निसटला की काय?

नुसता आवाज, दुखणं नाही, तोंड पूर्ण उघडतंय, तर काळजी नको. चकती जागेवर ये-जा करते तेव्हा तो आवाज येतो. ऑपरेशनआधी होता आणि नंतर गेला असे रुग्ण आहेत, नव्यानं सुरू झाला असेही आहेत. पण आवाज अचानक बंद झाला आणि तोंड कमी उघडायला लागलं, तर ती चांगली बातमी समजू नका. चकती पुढे अडकल्याची ती खूण असू शकते. कट्टऐवजी वाळूवर चप्पल घासावी तसा करकर आवाज येत असेल तर स्कॅन हवा.

सांधा दुखतो म्हणून जबड्याचं ऑपरेशन करून घ्यावं का?

फक्त त्यासाठी नको. काहींचं दुखणं ऑपरेशननंतर कमी होतं, काहींचं होत नाही आणि थोड्यांचं वाढतं. आधी सांध्याचा इलाज, तो शांत झाल्यावर जबड्याचा विचार. "ऑपरेशन झालं की सांधा आपोआप सुधारेल" असं कोणी हमी देऊन सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. बेळगावातच दंतमहाविद्यालयं आहेत, धारवाडला आहे. एक दिवस मोडेल, पण घाईत हो म्हणण्यापेक्षा तो परवडला.

ऑपरेशनआधी कुठल्या तपासण्या मागून घ्याव्या?

दोन्ही जबड्यांचा पूर्ण एक्स-रे, बाजूनं डोक्याचा एक्स-रे आणि सांध्यांसकट सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन. सीबीसीटी हाड दाखवतो, चकती दाखवत नाही. चकतीसाठी एमआरआय. तो सगळ्यांना लागत नाही, पण वर सांगितलेल्या धोक्याच्या यादीतलं काहीही लागू असेल तर करावा. स्कॅन करताना दात मिटलेले हवेत, हे तंत्रज्ञाला आठवण करून द्या. तोंड अर्धवट उघडं ठेवून काढलेला स्कॅन पुढे तुलनेच्या कामाचा राहत नाही.

तोंड एका बाजूला वाकडं आहे. एकदाच ऑपरेशन करून सरळ होईल?

वाकडेपणा थांबलेला आहे की वाढतोय, यावर ते अवलंबून. एका बाजूचं टोक वय झाल्यावरही वाढत राहतं असा एक आजार आहे. वाढ चालू असताना जबडा सरळ केला तर काही वर्षांत हनुवटी पुन्हा सरकते. सहा महिने ते वर्षाच्या अंतरानं घेतलेले एक्स-रे, दातांचे साचे आणि हाडांचा न्यूक्लियर स्कॅन यावरून वाढ चालू आहे का ते ठरवतात. चालू असेल तर आधी त्या टोकाचं काम.

वाढीचाच नियम मुलांनाही. खालचा जबडा पुढे असलेला सोळा वर्षांचा मुलगा अजून वाढायचा असतो. मुलींची वाढ लवकर थांबते, मुलांची अठरा-वीसपर्यंत चालते. वाढ थांबल्याचं दोन एक्स-रेंवर दिसल्याशिवाय मी मुलग्यांना हात लावत नाही.

पुढच्या मेमध्ये मुलीचं लग्न आहे. त्याआधी होईल ना सगळं?

हा प्रश्न आईवडील विचारतात, मुलगी खाली बघत बसलेली असते. मी आधी तिला विचारते, तुला हवंय का.

मग हिशेब मांडते. ऑपरेशनआधी तारा साधारण वर्ष ते दीड वर्ष, नंतर सहा महिने ते वर्ष, आणि सांध्यावर लक्ष किमान दोन वर्षं. लग्नाच्या तारखेसाठी आधीच्या तारांचा काळ निम्म्यावर आणला तर दात नीट जुळत नाहीत, आणि न जुळलेल्या दातांवर जबडा टिकत नाही. लग्न तारा लावूनही होतं. माझ्याकडच्या दोन मुलींनी तसं केलंय आणि त्यांचे फोटो सुंदर आले आहेत. आणि सासर लांबचं असेल, तर तपासणीच्या तारखा आधीच जावईबापूंनाही सांगून ठेवा. लग्नानंतर तपासणी बंद पडते ती नेहमी याच कारणानं, की नव्या घरात हे बोलायचं कोणी?

गुटखा सोडलाय, नुसती सुपारी खातो. चालेल?

नाही चालणार. तोंड आखडण्याच्या रोगामागे मुख्य गुन्हेगार सुपारीच आहे. गालाची आतली कातडी पांढरट, चामड्यासारखी होते आणि तोंड उघडेनासं होतं. निपाणी म्हणजे तंबाखूचं आगर, तिकडच्या रुग्णांना तंबाखूचं भय माहीत असतं, पण सुपारी निरुपद्रवी वाटते. तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर ऑपरेशनला अवजार आत जात नाही आणि नंतरचा व्यायामही होत नाही. बिडी-सिगारेटनं हाड जुळायला वेळ लागतो. ऑपरेशनआधी काही आठवडे आणि नंतर हाड पक्कं होईपर्यंत अजिबात नको, आणि खरं सांगायचं तर नंतरही नको.

खायचं काय? आणि कधीपासून भाकरी?

पहिले सहा आठवडे चावायचं नाही. नाचणीची आंबील, ताक, मऊ भात नि वरण, गाळलेला मटणाचा रस्सा, अंड्याचं पातळ, दुधात विरघळलेली पुरणपोळी. कोणी भेटायला येताना कुंदा आणला तर तो खुशाल खा, जिभेवर विरघळतो. आंबिलीवरच दिवस काढू नका, पोटात प्रथिनं गेली पाहिजेत. तेव्हा डाळीचं पाणी नको, डाळच घोटून प्या.

सहा आठवड्यांनंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की मऊ चपाती, तीही रस्श्यात भिजवून. ज्वारीची ताजी मऊ भाकरी तीन महिन्यांच्या आसपास. कडक भाकरी, भाजलेल्या शेंगा आणि ऊस यांना वर्षभर हात लावू नका. आपल्याकडे हंगामात बांधावर बसून ऊस सोलून खाल्ल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण दातांनी ऊस सोलताना जबडा जितका वाकडा आणि जोरात चालतो तितका दुसऱ्या कशानंच चालत नाही. रस काढून प्या.

रबर बँड आणि तोंडाचे व्यायाम खरंच एवढे महत्त्वाचे आहेत का?

हो. पूर्वी प्लेट नव्हत्या तेव्हा दात पाच-सहा आठवडे तारेनं घट्ट बांधून ठेवत. सांधा इतके दिवस हलला नाही की आखडतो, त्याच्या कुर्चेचं पोषण हालचालीवरच चालतं. आता प्लेटमुळे लवकर हालचाल देता येते. रबर बँड स्नायूंना नवी वाट दाखवतात. ते कुठल्या दातापासून कुठल्या दातापर्यंत लावायचे याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण चुकीच्या दिशेनं लावलेला रबर जबडा वाकडा ओढतो.

व्यायाम आरशासमोर करा. आरशाच्या मधोमध वरून एक काळा दोरा लटकवा आणि हनुवटी त्या दोऱ्याच्या रेषेतच खाली जाते का बघत सावकाश उघडा. बाजूला पळत असेल तर थांबून पुन्हा. दोन-तीन महिन्यांत स्वतःची तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत, म्हणजे साधारण चाळीस मिलिमीटर. जोर लावून, रडत रडत उघडू नका.

खालचा ओठ बधिर आहे.

जबड्याच्या आतून जाणारी नस ताणली गेल्यामुळे होतं. खालच्या जबड्याच्या ऑपरेशननंतर सुरुवातीला हे बहुतेकांना होतं, महिन्यांच्या हिशेबानं परत येतं. थोड्यांत काही भाग कायम मंद राहतो. गरम चहा पिताना जपा. सांध्याशी याचा संबंध नाही.

प्लेट काढाव्या लागतात का?

सहसा नाही. सैल झाली, पू झाला किंवा टोचायला लागली तरच.

झीज झालीच, तर पुढे काय?

आधी ती थांबली पाहिजे. सांध्यावरचा भार कमी करायचा : मऊ खाणं, झोपेत दात करकर खात असतील तर त्यासाठी स्प्लिंट, सूज उतरवणारी औषधं, संधिवात निघाला तर संधिवाताच्या डॉक्टरांचा इलाज. मग दर काही महिन्यांनी स्कॅन शेजारी शेजारी ठेवून बघत राहायचं. वर्षभर तरी काही बदल नाही असं दिसलं की दुरुस्तीचा विचार.

फट लहान असेल तर तारांनी भागतं. काहींत वरच्या जबड्याचं ऑपरेशन करून दात जुळवता येतात, म्हणजे झिजलेल्या सांध्यावर नवा भार पडत नाही. झिजलेल्या टोकावर विसंबून तोच खालचा जबडा पुन्हा तसाच पुढे आणला, तर पुन्हा झीज व्हायची शक्यता मोठी असते. घरच्यांना "एकदा आणखी करून टाकू" असं वाटतं, ते मला समजतं, पण ते आगीतून फुफाट्यात जाणं आहे. टोक फारच गेलं असेल तर कृत्रिम सांधा बसवतात. ते मोठं आणि खर्चिक काम आहे, त्याचा अनुभव असलेल्या ठिकाणीच करावं.

दोरा न तुटणाऱ्या त्या मुलीची झीज थांबली. दोन वर्षं वाट बघितली, मग तारांनी जमेल तेवढं जुळवलं. हनुवटी थोडी मागेच राहिली. तिनं ते स्वीकारलं, मला अजून जड जातं.

ऑपरेशन एका गावात, तारा दुसऱ्या गावात. कागदपत्रांचं काय करायचं?

आपल्या भागात हे रोजचं आहे. ऑपरेशन हुबळी-धारवाडला किंवा कोल्हापूर-मिरजेला, तारा निपाणीत, नोकरी पुण्यात. प्रत्येक ठिकाणच्या डॉक्टरकडे चित्राचा एकच तुकडा असतो. म्हणून पूर्ण फाइल तुमच्याकडे हवी : ऑपरेशनआधीचे, ऑपरेशननंतर लगेचचे, सहा महिन्यांचे, वर्षाचे आणि दोन वर्षांचे एक्स-रे नि स्कॅन. नुसता कागदावरचा रिपोर्ट पुरत नाही, सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या. किती मिलिमीटर आणि कुठल्या दिशेला जबडा हलवला, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा.

संमतीचा फॉर्म कानडीत किंवा इंग्रजीत असेल आणि तो समजत नसेल, तर सही करण्याआधी मराठीतून समजावून मागा. बेळगावच्या कुठल्याही दवाखान्यात मराठी बोलणारी सिस्टर सापडतेच. त्यात सांध्याबद्दल आणि जबडा परत सरकण्याबद्दल काय लिहिलंय, ते वाचून घ्या.

दोन वर्षं सगळं ठीक राहिलं. आता येऊ नको ना?

वर्षातून एकदा या. दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर रात्री चालू ठेवा, जुने फोटो पुसू नका. मधेच समोरचे दात टेकेनासे झाले, हनुवटी सरकल्यासारखी वाटली किंवा जबडा सकाळी आखडायला लागला, तर वर्षाची वाट न बघता फाइल घेऊन या. फोन करून नुसतं "डॉक्टर, दोरा तुटंना" म्हणालात तरी मला कळेल.